दत्ताभावजी आणि हूपू विमान

हे सांगायचं म्हणून किती वेळा तोंड उघडलं आणि त्यातून "चहा टाकू का?" एवढंच बाहेर पडलं, कुणास ठाऊक. सख्ख्या बहिणीला नाही सांगितलं, लेकीला नाही. देवापुढे हात जोडून उभी राहिले तेव्हाही नाही — त्याला माहीत असणारच, मग कशाला उगाच, असं म्हणून तिथेही टाळलंच. आज तुम्हाला सांगते आहे. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. आणि खरं सांगू? थकले मी. गोष्ट लपवून ठेवायलाही अंगात जोर लागतो. तो आता उरलेला नाही.

घरात बसायला एकच खुर्ची शिल्लक आहे. बाकी सगळं खोक्यांत गेलं. शिरीष — माझा नवरा — रिटायर झाला, व्हिसा कॅन्सल व्हायला टाकलाय, आणि निम्मं आयुष्य शारजात अल मजाजच्या या एकाच टॉवरमध्ये काढून आम्ही आता कायमचे पुण्याला निघालो आहोत. पॅकिंगवाली माणसं एकेक वस्तू वर धरून विचारताहेत, "मॅडम, ये रखना है, या खलास?" मी बहुतेक सगळ्याला खलास म्हणते. त्यांना वाटत असेल बाई दिलदार आहे. दिलदार कसली! एकेक वस्तू हातात घेऊन ठरवायचा कंटाळा आलाय, दुसरं काय.

ज्या वस्तूबद्दल मला बोलायचं आहे ती या खोक्यांत नाही. ती पंधराएक वर्षांपूर्वीच बिल्डिंगखालच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत गेली. ते एक विमान होतं. हसू नका. म्हणजे हसा हवं तर, मीही हसायचे तेव्हा. खरं विमान नव्हे — लाकडाच्या काड्यांचं आणि कागदाचं, पण चांगलं डायनिंग टेबलाएवढं. नवऱ्याने आणि दत्ताभावजींनी मिळून बनवत आणलेलं.

त्याचं नाव हूपू. इंग्रजांच्या आरमारासाठी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बनवलेलं लढाऊ विमान, एकावर एक दोन पंखांचं. हूपू म्हणजे हुदहुद पक्षी. डोक्यावर तुरा असतो, इथे खालिद लगूनच्या पाण्याकाठी हिरवळीवर सकाळी चोच खुपसत फिरतो, तोच. तर हे विमान जगात एकच बनलं. बोटीवरून उडावं म्हणून बनवलं, त्याची इंजिनं बदलून पाहिली, पंख बदलून पाहिले, पाण्यावर उतरायला खाली तराफे लावून पाहिले — आणि एवढा खटाटोप करून आरमाराने दुसरंच विमान पसंत केलं. एकच नमुना, आणि तोही नापास. आता मला सांगा, असल्या विमानात कुणाचा जीव अडकावा?

शिरीषचा अडकला. म्हणायचा, "पास झालेली विमानं सगळेच बनवतात गं. ह्याला कोण आहे?" आणि दत्ताभावजी मान डोलवायचे. जोडी जमली होती अगदी.

दत्ताभावजी चिपळूणचे. दुबईला, देरा भागात, एका ट्रेडिंग कंपनीत शिपिंगचे कागद बघायचे. बायको-मुलं गावी, आणि हे इथे बेडस्पेसवर — म्हणजे एका खोलीत सात-आठ पुरुष, प्रत्येकाला एक बंक, बंकखाली एक बॅग आणि भिंतीवर शर्ट अडकवायला एक खिळा. गल्फमध्ये अशी माणसं हजारोंनी आहेत, त्यात काही विशेष नाही. शारजात जुनं विमानतळ होतं ना, जिथे आता संग्रहालय केलंय आणि जुनी विमानं ठेवलीत, तिथे हे दोघे एकमेकांना भेटले. एकाच विमानाखाली उभे राहून दोघेही आपापल्याशी मराठीत पुटपुटत होते म्हणे. पुढच्या शुक्रवारी शिरीष त्यांना जेवायला घेऊन आला. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. आणि मग दर शुक्रवारी ते येतच राहिले. वर्षानुवर्षं.

मी वाईट वागवलं नाही हो त्यांना. हे मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्हाला वाटेल ही बाई पहिल्यापासून तोंड वाकडं करत असेल. नाही. मला आवडायचे ते. येताना देराच्या मासळीबाजारातून कोलंबी आणायचे, तीही साफ करून आणलेली, कारण "वहिनी, तुमचा सुट्टीचा दिवस त्यात जाऊ नये." जेवून झाल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासायचे, मी कितीही ओरडले तरी. माझ्या हातच्या कोलंबीच्या आमटीला एकदा "आमच्या घरच्यासारखी" म्हणाले आणि एकदम गप्प झाले. मग मी दर शुक्रवारी तीच करत राहिले. म्हणजे बघा — माझ्यात एवढी माया होती. मग ते दुसरं कुठून आलं?

थांबा, क्रमाने सांगते. नाहीतर मी पुन्हा चहाकडे वळेन.

विमान असायचं लेकीच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर. दुसरी जागाच नव्हती. शिरीषकडे नकाशे, मापं, इंटरनेटवरून काढलेले जुने फोटो. आणि दत्ताभावजींकडे सबुरी. पंखांच्या आतल्या फासळ्या बाल्साच्या पातळ लाकडातून कापायच्या, सांधायच्या, त्यावर टिश्यूचा कागद ताणून चिकटवायचा, पाण्याचा फवारा मारायचा की तो वाळताना चामड्यागत घट्ट होतो, आणि मग त्यावर लॅकरचे हात. दुपारभर दोघे माना खाली घालून बसायचे. त्या लॅकरचा वास घरभर. लेक नाक धरून यायची, "मम्मा, माय रूम स्मेल्स लाइक नेल पॉलिश." मी म्हणायचे, "बाबाला सांग." ती सांगायची नाही. मीही नाही.

कारण सांगणार काय? नवरा दारू पीत नाही, कुठे जात नाही, घरातच असतो. मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस गं बाई. असेन. पण आठवड्याचे सहा दिवस तो ऑफिस आणि अबुधाबीच्या साइटवर, आणि सातव्या दिवशी तो हूपूचा. मी मात्र दर शुक्रवारी त्या खोलीच्या दाराशी चहाचे कप घेऊन उभी. त्या खोलीत दोघांचं काय हसणं चालायचं! शिरीष तिथे हसायचा तसा माझ्याशी कधी हसला नाही. हे बोलायला लाज वाटते. या वयात नवऱ्याच्या मित्राचा हेवा केला असं कबूल करायचं — आणि तेही खिळ्यावर शर्ट अडकवून राहणाऱ्या माणसाचा.

आता एसीचं. इथे राहिलेल्यांना हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही बाहेरचे असाल तर सांगते. उन्हाळ्यात इथली कुटुंबं सुट्टीला इंडियात जातात, घराला कुलूप लागतं. तेव्हा एसी पूर्ण बंद करायचा नसतो. ऑगस्टमध्ये इथली हवा ओल्या फडक्यासारखी होते; घर बंद आणि एसीही बंद म्हटल्यावर भिंतींना, कपाटांना, चपलांना बुरशी धरते. म्हणून लोक तो सव्वीस-सत्तावीसवर चालू ठेवून जातात आणि ओळखीच्या एखाद्या बॅचलरकडे किल्ली देतात — आठवड्यातून एकदा चक्कर मारायला, झाडांना पाणी घालायला, एसी चालू आहे ना बघायला. आमची किल्ली कुणाकडे, हे मी सांगायला हवं का?

त्या वर्षी विमान जवळजवळ पुरं झालं होतं. खालचे-वरचे पंख, शेपूट, इंजिनाचा गोल मुखवटा, सगळं जागेवर. दोन पंखांच्या मधे ताणायच्या तारा राहिल्या होत्या आणि त्यानंतरचे लॅकरचे शेवटचे हात. ते होईपर्यंत कागदाला ओल बिलकुल लागू द्यायची नाही. ओल लागली की कागद सैल पडतो, लाकूड पिळवटतं, सांधे सुटतात. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. दर शुक्रवारी कानावर पडत होतं. मला तोंडपाठ होतं ते सगळं — हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी आणि लेक शाळेला सुट्टी लागल्याबरोबर पुण्याला गेलो. शिरीष ऑगस्टमध्ये महिनाभराची रजा टाकून आला. निघताना त्याने दत्ताभावजींना किल्ली दिली, एसी सव्वीसवर ठेव म्हणून सांगितलं, आणि विषय संपला. त्याचं असंच आहे. एकदा सांगितलं की त्याच्या लेखी ते काम झालं. पुन्हा फोन नाही, विचारपूस नाही, अगदी मित्रालासुद्धा. तेव्हा आयएसडीही जपूनच करायचे लोक.

माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मोतीबिंदूचंच, मोठं काही नाही. पण तिचा दुसरा डोळा आधीच गेलेला होता, म्हणून भीती. पट्टी काढायच्या दिवशी मी शिरीषला म्हटलं, आज तू बरोबर ये, मला धीर होत नाहीये. हो म्हणाला. आणि सकाळीच रविवार पेठेत गेला. त्याला विमानाच्या तारांसाठी केसाइतकी बारीक पितळी तार हवी होती, ती कुठल्याशा दुकानात मिळते असं कुणीतरी सांगितलं होतं. तासाभरात येतो म्हणाला. मी एकटीच आईला घेऊन गेले. पट्टी निघाली, आईला दिसलं, तिने पहिल्यांदा विचारलं, "जावईबापू नाही आले?" आम्ही घरी येऊन जेवलो, आणि मग हा उगवला, हातात तारेचं भेंडोळं, चेहरा नुसता फुललेला. "मिळाली!" म्हणाला. आईचं काय झालं, हे त्याने विचारलं, नाही असं नाही. पण नंतर. आधी तार.

मी भांडले का? नाही. भांडायला हवं होतं. घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. एकदा आदळआपट झाली असती आणि सगळं मोकळं झालं असतं. मी वाढलं त्याला. तो जेवून झोपला. आणि मी गॅलरीत जाऊन दत्ताभावजींना फोन लावला.

त्यांना म्हटलं, भावजी, एसी बंद करून टाका. मेन स्विचच पाडा.

ते घोटाळले. "वहिनी, पण विमान...?"

मी म्हटलं, "शिरीषनेच सांगितलंय. तो म्हणतोय की आता काही होत नाही, कागद पक्का झालाय. बिल फार येतंय उगाच." आणि त्यावर अजून — हे ऐका — त्यावर अजून मी म्हटलं, "आणि भावजी, एवढ्या उन्हात देराहून चकरा मारू नका हो. कुंड्या शेजारच्यांच्या दारात ठेवून द्या. तुम्ही आराम करा."

ते म्हणाले, "बरं वहिनी. थँक यू हां." काळजी केली म्हणून थँक यू म्हणाले मला.

इतकी वर्षं मी स्वतःला काय सांगत आले, माहितीये? की मी बिलासाठी केलं. मध्यमवर्गी बाई, दिरहमचे रुपये करून बघायची सवय, रिकाम्या घराला गार कशाला करायचं. मग कधी सांगायचे, मला नीट कळत नव्हतं, एवढं बिघडेल असं वाटलं नाही. मग कधी — आईच्या डोळ्याचा दिवस होता, मन ठिकाणावर नव्हतं. तीन-तीन कारणं तयार ठेवली होती. कुणी विचारलं तर एखादं पुढे करायला. कुणी विचारलंच नाही.

एकही खरं नाही. मला सगळं कळत होतं. ते विमान सडावं म्हणूनच मी फोन केला. आणि स्वतःच्या हाताने करायची छाती नव्हती, म्हणून त्या माणसाच्या हातून करवलं, ज्याच्या हातांनी ते बनलं होतं. दुपारच्या झोपेतून शिरीष उठला तेव्हा मी त्याला चहा दिला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. अंग हलकं झालं होतं.

पुढचे तीन आठवडे होते. एक फोन करून मी एसी चालू करा म्हणू शकले असते. रोज सकाळी मनात यायचं. रोज म्हणायचे, उद्या. मग म्हणायला लागले, आता तसाही काय उपयोग.

आम्ही परत आलो. दार उघडलं तसा वास आला, कोंडलेल्या ओल्या पोत्याचा. भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके. चपलांच्या कपाटात शिरीषच्या ऑफिसच्या बुटांवर हिरवट लव. तो बॅगा तिथेच टाकून सरळ लेकीच्या खोलीत गेला. मी मागे गेले नाही. मी मेन स्विच वर केला, फ्रिज उघडला, फडकं घेतलं. हाताला काम हवं होतं. मग गेले. वरचा पंख एका बाजूने पिळवटून वर आला होता, दुसऱ्या बाजूने खाली लोंबत होता. कागद सुरकुतून पोटात गेलेला, त्यावर बुरशीचे डाग. शेपूट सांध्यातून सुटून टेबलावर पडली होती. शिरीष जमिनीवर बसला होता. ओरडला नाही, रडला नाही. एवढंच म्हणाला, "एसी कसा काय बंद पडला?"

तोवर मी फक्त विमानाचा विचार केला होता. पुढचं — की कुणीतरी हा प्रश्न विचारणार, आणि कुणालातरी उत्तर द्यावं लागणार — याचा नाही. खरंच नाही केला. किंवा केला असेल आणि डोळे मिटून घेतले असतील. मला आता तेही खात्रीने सांगता येत नाही.

दत्ताभावजी संध्याकाळी आले. हसत आले, कारण आम्ही महिन्याने भेटत होतो. हातात पिशवी होती कोलंबीची. शिरीषने त्यांना खोलीत नेलं. मी दारात उभी. त्यांनी ते बघितलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. शिरीष म्हणाला, "एसी कुणी बंद केला, दत्ता?"

"अरे, तूच ना —" एवढं म्हणाले ते. आणि माझ्याकडे बघितलं.

किती वेळ बघितलं? पापणी लवेपर्यंत असेल. पण तेवढ्यात सगळं झालं. त्यांना कळलं की शिरीषने काही सांगितलेलं नव्हतं. त्यांना कळलं की कुणी केलं. आणि ते थांबले. वाट बघत होते हो ते — मी बोलेन म्हणून. रागाने नाही. एखादं म्हातारं माणूस जिना उतरताना आपण हात पुढे करून थांबतो ना, तसे थांबले होते.

मी म्हटलं, "चहा टाकते." आणि आत गेले.

ओट्याशी उभी राहून ऐकलं मी सगळं. ते म्हणाले, "माझ्याकडून झालं, शिरीष. चूक झाली माझी." बस्स, एवढंच. कारण नाही, बहाणा नाही. ज्या घरात इतकी वर्षं पान वाढलं गेलं, त्या घरात नवरा-बायकोच्या मधे आपल्या तोंडून एक शब्द पडता कामा नये, वहिनीचं नाव यायलाच नको, हे त्यांनी त्या पापणीच्या अवधीत ठरवलं. देशापासून लांब, घरापासून लांब राहणारी माणसं अशी घरं फार जपतात. मला ते ठाऊक होतं. त्याच भरवशावर तर मी ओट्याशी उभी होते.

आणि शिरीष — जो कधी कुणाला वाकडा शब्द बोलत नाही — तो म्हणाला, "आठ जणांच्या खोलीत राहणाऱ्याला घर कसं सांभाळायचं ते काय कळणार म्हणा. माझीच चूक."

चहाला उकळी आली होती. मी गॅस बारीक केला. त्या वाक्यानंतर तरी बाहेर जायला हवं होतं की नाही? चार पावलांवर तर खोली. नाही गेले. कप बशीत ठेवून बाहेर आले तेव्हा किल्ली टीव्हीच्या टेबलावर होती आणि दत्ताभावजी चपला घालत होते. "चहा नको वहिनी, उशीर झाला," म्हणाले. कोलंबी ठेवून गेले. ती मी फ्रीझरमध्ये टाकली, आणि मग बऱ्याच दिवसांनी फेकून दिली.

त्यानंतर ते आले नाहीत. आम्ही बोलावलं नाही. शिरीषने विमान स्वतः खाली नेऊन टाकलं, लिफ्टमध्ये मावेना म्हणून पंख मोडून. पुन्हा काही बनवलं नाही. मला हवे होते ते शुक्रवार मिळाले, सगळेच्या सगळे. आम्ही मॉलमध्ये जायचो, समोरासमोर बसून कॉफी प्यायचो, आणि "अजून काय?" असं एकमेकांना विचारायचो. लेक मोठी झाली, कॅनडाला गेली. एकदा तिने फोनवर विचारलं, "व्हॉटएव्हर हॅपन्ड टु दत्ताकाका?" मी म्हटलं, गेले गावी. ते खरंही होतं तोवर.

तुम्हाला वाटत असेल, आजच का? सांगते. तेवढंच राहिलंय.

गेल्या आठवड्यात शिरीष मराठी मंडळाच्या निरोपाच्या जेवणाला गेला होता, तिथे चिपळूणचं कुणी भेटलं, त्याच्याकडून नंबर मिळाला. घरी आला तो हरखूनच. म्हणाला, "जाता जाता कशाला मनात ठेवायचं? मी बोलून टाकतो." मी काही म्हणायच्या आत फोन लावला, स्पीकरवर. हा खोक्यावर बसलेला, मी या खुर्चीत.

आवाज तोच होता, थोडा बसलेला. दोघे आधी अडखळले, मग हसले. तब्येती झाल्या, मुलं झाली, चिपळूणला पाणी किती भरलं तेही झालं. मग शिरीषने घसा साफ केला आणि म्हणाला, "दत्ता, ते जुनं सगळं... मी फार लागेल असं बोललो होतो. पण तू पण विमान माझ्या जिवापाड — जाऊ दे. मी माफ केलंय तुला. मनापासून. तू आता ते मनात ठेवू नकोस."

मला वाटलं, आता. आता बोलतील. बोलावं, असंही वाटलं — एकदाचं. आणि त्यांनी बोलायच्या आधी मी बोलावं, असं मात्र तेव्हाही वाटलं नाही. बघा, इतक्या वर्षांनंतरही.

"बरं वाटलं रे," दत्ताभावजी म्हणाले. "फार बरं वाटलं. थँक यू."

मग विचारलं, "वहिनी आहेत का?"

शिरीषने फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "बोला भावजी."

ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही आता पुण्यात येताय. मी कधी भेटायला आलो, तर चालेल ना तुम्हाला?"

तुम्हाला — असं म्हणाले. शिरीषला नाही विचारलं. मला विचारलं. म्हणजे केलं कुणी, एवढंच नव्हे, तर का केलं, तेही त्यांना त्या दिवसापासून माहीत होतं. कोण नको झालं होतं, ते. ते घेऊन हा माणूस इतकी वर्षं जगला, आणि आता परवानगी मागत होता.

शिरीष खो खो हसला. "अरे तिला काय विचारतोस! तिनेच तर तुला इतकी वर्षं जेवू घातलं."

मी म्हटलं, "या की. कधीही या."

फोन ठेवल्यावर शिरीष उठला, उगाच दोन-चार खोकी इकडची तिकडे केली. फार दिवसांनी खुशीत दिसत होता. मला म्हणाला, "माफ करून टाकलं की बघ किती मोकळं वाटतं माणसाला."

मी हो म्हटलं.